दांडीची पाटी मासवणला

आमच्या घरात राणीने मासळी विकायची नाही. सुकवायची, निवडायची, कोणाला किती द्यायची ते ठरवायचं. पण पाटी डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या दारात वाटा मांडायचा नाही. सासूने मला हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आणि चाळीस वर्षं मी ते मोडलं नाही.

सरकारच्या कागदावर दांडी हे एक गाव आहे. कागदाला काय कळतं! किनाऱ्यावरची राज्यं कागद यायच्या आधीची आहेत. आमचा राजा, म्हणजे माझा मुलगा इंद्रजीत, सकाळच्या पाळीला बोईसरच्या कारखान्यात जातो. त्याचा डबा मीच बांधते. पण होळीला पहिला हात त्याचा, होडी पाण्यात लोटताना पहिला नारळ त्याचा, आणि तंटा आला की शेवटचा शब्द माझा. सगळे मला माई म्हणतात. राणी म्हणायची गरज पडत नाही.

आमच्या शेजारचं राज्य मासवण. आत डोंगराकडे, सूर्या नदीच्या काठाला. तिथली राणी रत्नाबाई. माझी नात, इंद्रजीतची मुलगी समिधा, तिच्या मुलाला, कुशलला दिली आहे, म्हणजे नात्याने आम्ही विहिणी. नात्याने, प्रेमाने नाही.

फार मागे या दोन राज्यांनी एकमेकांची माणसं मारली. आम्ही त्यांची भातं जाळली, त्यांनी आमची मासे धरायची जाळी. शेवटी एका भगताने बांबूची पाटी विणली. भगत म्हणजे आमच्याकडचा जादूगार. त्याला ना दांडी आपला म्हणते ना मासवण, म्हणून दोन्हीकडे त्याचं ऐकतात. त्याने ठरवून दिलं, की दर चैत्रात पाटी दांडीहून सुका बोंबील भरून निघेल आणि मासवणहून त्यांच्या शेताचा तांदूळ भरून परत येईल. ती चालत न्यायची, गाडीत ठेवायची नाही. उंबऱ्याशी उतरवून "दांडीची पाटी मासवणला" असे शब्द बोलले, की ती मासवणची झाली. तोवर ती नुसती मासळीची पाटी. आणि एक गोष्ट कधी करायची नाही. ती रिकामी धाडायची नाही.

भांडं रिकामं परत करू नये, हे कोणाच्या घरी माहीत नाही? शेजारणीची वाटीसुद्धा आपण साखरेची चिमूट टाकून देतो. मलाही माहीत होतं. तरी मी केलं, कारण मी मी आहे.

यंदा चैत्रात आताचा भगत पुंजाराम पाटी घेऊन मासवणहून परत आला. मी फडकं काढलं. आत कणी. तांदूळ नव्हे, कणी! काळपट, वासाची, अर्ध्या पाटीच्या वर नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"त्यांनी दिलं ते आणलं, माई."

"आमी निवडून निवडून बोंबील धाडला, एकाची शेपटी मोडलेली नव्हती. आणि ती आमाला कोंबड्यांचं खाणं धाडते?"

"माई, आधी ऐकून तर घे. तिकडं कापणीच्या टायमाला—"

"मला कापणी शिकवू नको."

मी पाटी अंगणात उपडी केली. कोंबड्या धावत आल्या. एक दाणा उरला नाही. मग ती पाटी पुंजारामच्या हातात दिली.

"अशीच ने. सांग तुझ्या रत्नाबाईला, दांडीच्या राणीनं धाडलीय."

पुंजाराम पाटीकडे बघत राहिला. सत्तरीचा माणूस, पण पाटी त्याने अंगापासून लांब धरली.

"माई, रिकामी पाटी रिकामी राहत नाय. वाटेत ती भरून घेते. धाडणाऱ्याचा जीव जिथं गुंतलाय, तिथनं उचलते. तुझा जीव कुठं हाय, ते तूच बघ."

"माझा जीव माझ्याजवळ हाय. चल, नीघ."

तो निघाला. मी त्याला थांबवू शकले असते. तो पार रस्त्याच्या वळणापर्यंत हळू चालत होता, मला हाक मारायला वेळ मिळावा म्हणून. मी कोंबड्या हाकत बसले.

चौथ्या दिवशी तो परत आला आणि पडवीत न बसता उभ्या उभ्याच बोलला.

पालघर सोडलं तशी पाटी जड होऊ लागली. पुढं तर मान मोडेल इतकी जड. मासवणला पोचल्यावर रत्नाबाईने फडकं काढलं. आत आमच्या किनाऱ्याची ओली रेती, दोन शिंपले, लाल रिबिनीचा तुकडा. आणि आतून आवाज. लहान पोरीचा. "माई! माई गं!" फडकं बाजूला झालं तशी ती हाक वर गेली आणि नाहीशी झाली.

"समिधा तिथंच उभी होती," पुंजाराम म्हणाला. "पोट सावरत हसली. म्हणाली, कोनाची पोर रडते गं?"

लाल रिबीन मी तिला पालघरच्या जत्रेत घेऊन दिली होती. पाच वर्षांची होती. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून ती माझ्याच कुशीत वाढली. माझ्याच हाताने तिची वेणी, माझ्याच मागे मागे वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांतून तिचं पळणं. लग्न झाल्यावरही रोज संध्याकाळी फोन करायची. "माई, जेवलीस काय?" मी म्हणायची, "तुझ्या सासूच्या हातानं नाय, माझ्या हातानं जेवले."

मी लगेच फोन लावला.

"हॅलो? कोण?"

"मी गं. माई."

"कोण माई? कोणाला फोन लावलाय तुमी?"

"समिधा, चेष्टा करू नको."

"अहो, राँग नंबर हाय," ती म्हणाली. माझ्याच नातीने मला अहो म्हटलं, आणि फोन ठेवला.

मी इंद्रजीतला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः फोन लावला, तेव्हा कळलं. बापाचा आवाजसुद्धा पोरीने ओळखला नव्हता. तो माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. त्यानंतरही फक्त डब्यापुरतं बोलला.

मी पुंजारामला बोलावून घेतलं.

"उपाय सांग."

"उपाय हाय. पण तुला झेपायचा नाय."

"मला काय झेपत नाय ते तू ठरवू नको."

"ज्या हातानं रिकामी धाडली, त्याच हातानं भरून न्यायची. मी नाय, तू. डोक्यावर घेऊन, चालत. उंबऱ्यावर शब्द बोलायचे आणि रत्नाबाईकडनं भरून मागायची. पदर पसरून. त्यांच्याच शेताचा दाणा पाहिजे. दुकानातला चालत नाय, रेशनचा चालत नाय. आणि समिधा बाळंत व्हायच्या आत. पोर बाहेर आलं की गाठ बसली. मग ती तुला कधीच वळखायची नाय."

समिधाला नववा लागला होता.

पाटी त्याने मासवणहून परत आणली होती, रेती आणि शिंपल्यांसकट. रेती मी किनाऱ्यावर नेऊन ओतली. बोंबील भरला. पण घाईत, नवीन सुकवलेला, दोन उन्हं कमी लागलेला. चांगला माल चैत्रातच धाडून झाला होता. डोक्यावर चुंबळ ठेवली, पुंजारामने पाटी चढवली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी मासळीवालीसारखी घरातून निघाले. शेजारच्या बायका दारांत आल्या. एकीने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं, तिने मिटलं.

बोईसरपर्यंत मान ताठ होती. कारखान्याच्या रस्त्यावर पाळी सुटली होती, सायकली आणि रिक्षांची गर्दी. एका टेंपोवाल्याने गाडी हळू केली.

"अम्मा, बैठ जाओ पीछे. कहाँ तक जाना है?"

"तेरे बाप के राज तक," मी म्हणाले. तो हसत निघून गेला. पुंजारामही हसला, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं नाही.

रात्र पालघरला एका ओळखीच्या घरी काढली. दुसऱ्या दिवशी मनोरच्या रस्त्याला लागलो. पायाला फोड आले होते. मासवणची शेतं दिसू लागली आणि मी चालता चालता थांबले. भाताच्या पेंढ्या बांधावर तशाच पडलेल्या, काळ्या, कुजलेल्या. कोणी घरी नेल्याच नव्हत्या.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"तेच सांगत होतो तुला अंगणात," पुंजाराम म्हणाला. "कापून ठेवलेल्या भातावर आठ दिवस पाऊस पडला. जागेवर कोंब आले. जे वाचलं ते भरडलं तर नुसती कणी निघाली. ती पण रत्नाबाईनं घरच्यांना दिली नाय, पाटीसाठी ठेवली."

मी पुढे चालू लागले.

रत्नाबाई अंगणातच होती. बारीक झालेली. मला बघून उठली नाही.

"या विहीणबाई. स्वतः आलात? कोंबड्या जाड झाल्या काय आमची कणी खाऊन?"

"झाल्या," मी म्हणाले. "पाणी दे आधी. मग काय बोलायचं ते बोल."

पाणी द्यायला ती आत गेली तशी मी तिच्या मागे पडवीत गेले. पाटी अजून माझ्या डोक्यावरच होती. कोपऱ्यात कणगी होती, भात साठवायची. मी येता येता तिच्यावर हाताची बोटं आपटली. रिकाम्या मडक्यासारखी वाजली.

रत्नाबाईने ते ऐकलं. तांब्या माझ्या हातात देत म्हणाली, "वाजवून बघायची गरज नव्हती. इचारलं असतं तर सांगितलं असतं. रेशनवर जगतोय आमी."

"मग मी पाटी उतरवली तर तू भरशील कशानं?"

"ते माझं मी बघेन."

"कशानं भरशील, रत्नाबाई?"

तिची नजर मागच्या दाराकडे गेली. तिथे समिधा भांडी घासायला बसली होती, पोटामुळे पाय लांब करून. रत्नाबाईचा जीव कुठे गुंतला होता ते मला कोणी सांगायला नको होतं. समिधाच्या पोटातलं ते मासवणचं पहिलंच नातवंड.

"तुला ठाऊक हाय रिकामी पाटी काय उचलते," मी हळू म्हणाले.

"मला नाय तर कोनाला? मीच फडकं काढलं होतं ना त्या दिवशी." ती वळून माझ्यासमोर आली. "पण तू मागायला आलीयस. दारात आलेल्या पाटीला नाय म्हनायचं नाय, हे तुझ्या-माझ्या आधीचं हाय. उतरव. बोल शब्द. होईल ते होईल."

तिने दोन्ही हात पुढे केले. ते हात मी बघितले. भांडखोर बाईचे हात, पण पुढे केलेले. माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी दार लावून घेतलं असतं. हे मी लिहिते आहे, कारण खरं आहे.

पुंजाराम अंगणात उभा होता. शब्द बोलायची वाट बघत होता. शब्द बोलले, तर समिधा मला ओळखेल, पण रिकामी परतणारी पाटी तिच्या पोटातलं उचलेल. नाही बोलले, तर कूस राहील आणि तिच्या आठवणीतून मी कायमची जाईन.

मी पडवीतून बाहेर आले. घराच्या मागच्या बाजूला वळले. आणि गळ्यात होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले.

"बोंबील घ्या गो! सुका बोंबील!"

आवाज चिरका निघाला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचा ऐकला होता, स्वतःचा कधी काढला नव्हता.

समिधाने मान वर केली. "मावशी, इकडं आन. दाखव."

मी पाटी उतरवली. खाली बसले. ती समोर बसली, कपाळावर घाम, हातात तेच चार बिलवर, जे मी तिच्या हातात घातले होते. तिने एक बोंबील उचलला, दोन बोटांत धरून वाकवला, कानाशी नेला.

"मावशी, हा कडकडत नाय. दोन उन्हं कमी पडलीत."

असं वाकवून कानाशी नेऊन बघायचं मी तिला शिकवलं होतं. सात वर्षांची असताना, आमच्या किनाऱ्यावर.

"कोनी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"कोनी म्हंजे? येतं मला." ती हसली. "वाटा कसा दिला?"

"तू म्हणशील तसा."

"असं कुठं असतं? विकनारीनं सांगायचं, घेनारीनं पाडायचं. नवीन हाय काय धंद्यात?"

"नवीनच हाय."

रत्नाबाई दारात येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाशी धरून. समिधाने भाव सांगितला. फार कमी सांगितला. मी मान हलवली. तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेली नोट काढून माझ्या हातात दिली आणि पाटीतले बोंबील स्वतःच्या परातीत ओढून घेतले. सौदा झाला. विकलेल्या मालाला परतफेड लागत नाही.

"मावशी, पुढच्या टायमाला नीट सुकवून आन," ती म्हणाली. "आणि आवाज जरा मोठा कर. घरात ऐकू येत नाय."

रिकामी पाटी उचलायला मी वाकले तर कंबर उठेना. रत्नाबाई पुढे आली. तिने पाटी माझ्या डोक्यावर चढवली. चुंबळ सरकली होती, ती नीट केली. आमच्याकडे मुलीला सासरी धाडताना आई तिचा पदर असाच नीट करते. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

वीस दिवसांनी समिधाला मुलगी झाली. पुंजारामने निरोप आणला. बारशाचं आमंत्रण दांडीला आलं नाही. सुनेला माहेरच आठवत नाही, तर आमंत्रण कोणाला धाडणार? पण रत्नाबाईने त्याच्याकडून एवढं सांगून धाडलं, की त्या दिवशी घरात पाहुणे आहेत, सुकी मासळी लागेल.

मी गेले. मागच्या दाराला बसले. आतून पाळण्याचं गाणं ऐकू येत होतं. समिधा मुलीला घेऊन बाहेर आली, एका हाताने बोंबील वाकवून बघितला.

"आता कसा कडकडला," ती म्हणाली.

मुलीने माझ्या पाटीच्या काठाला बोटं घट्ट धरली. तिने सोडेपर्यंत मी पाटी हलवली नाही. मग समिधाने तिची बोटं एक एक करून सोडवली, आणि मी वाटा मांडला.