माझ्या पाठीवर आधी ब्रॉडी होता

मी एक जुनी जर्सी आहे, मित्रांनो. बर्फावरच्या हॉकीची, गडद हिरव्या रंगाची. मला घालून आजवर कोणीही सामना खेळलेला नाही. तरीही मी दोघांची झाले. ते कसे झाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडो जणी तिथे होत्या, पण मला वेगळे काढून ठेवले. दर उन्हाळ्यात आमच्या देशातले मोठे संघ एका सभागृहात जमतात आणि अठरा वर्षांची मुले पाळीपाळीने निवडून घेतात. त्या वर्षी पहिली पाळी आमच्या संघाची होती. मंचावरून नाव पुकारले गेले, ब्रॉडी स्टासियुक. रुंद खांद्यांचा एक मुलगा वर आला आणि त्याने कोटावरूनच मला अंगात घातले. त्याची छाती किती धडधडत होती, ते फक्त मलाच कळले.

माझ्या पाठीवर तेव्हा नाव नव्हते. ते घरी गेल्यावर त्याच्या आईने, मारुसियाने, शिवले. एकेक पांढरे अक्षर तिने दुहेरी टाक्यांनी पक्के केले. मॅनिटोबा प्रांतातल्या सेंट ओडिल गावाच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, तिचे कँटीन होते. सूप आणि बटाट्याच्या पेरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्या, ती विकायची. रिंकचा मॅनेजर लॉइड याने मला काचेच्या पेटीत घालून कँटीनच्या अगदी समोर लावले आणि वर दिवा बसवला. मुले काचेला नाक लावून मला बघत. बाप त्यांना सांगत, "बघ, ब्रॉडीसारखा हो."

त्याच निवडीत गावातला आणखी एक मुलगा होता, एमिल फोर्टिए. बारीक, बुटका. दुसऱ्या दिवशी, लोक उठून जायला लागले तेव्हा शेवटी शेवटी कोणीतरी त्याचे नाव घेतले. एमिल सभागृहात नव्हताच. तो काकाच्या शेतावर गवताचे भारे ट्रकवर चढवत होता.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. एमिल वाढला. आणखी चार-पाच बोटे उंच झाला, रुंद झाला, आणि बर्फावर त्याला अडवणे कोणालाही जमेना. ब्रॉडी मात्र अठराव्या वर्षीच पूर्ण वाढलेला होता. तो मेहनतीत कमी पडला नाही, दारूच्या नादी लागला नाही. बाकीची मुले त्याच्या पुढे गेली, एवढेच. त्याचा गुडघा मोडला असता तर बरे झाले असते. लोकांना सांगायला काहीतरी मिळाले असते.

तो गावी परतला आणि गॅसच्या टाक्या पोचवणारा ट्रक चालवू लागला. लॉइडने माझ्यावरचा दिवा काढला आणि माझ्यासमोर थंड पेयांचे कपाट आणून उभे केले. दुपारी ब्रॉडी आईकडे सूप प्यायला यायचा. तेव्हा आजूबाजूची माणसे त्याची थट्टा करायची.

"ब्रॉडी, तुझा सिलिंडर तरी पहिल्या नंबरात येतो का रे?"

तो हसून मान डोलवायचा. कपाटाच्या फटीतून मला त्याची मान तेवढी दिसायची.

निवडीला दहा वर्षे झाली तेव्हा एका वाहिनीचे लोक गावात आले. आज जे ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक असते तर कोणाला कितव्या नंबरावर घेतले असते, असा त्यांचा कार्यक्रम होता. नव्या क्रमात एमिल पहिला होता. ब्रॉडी त्यात कुठेच नव्हता. निवेदक ग्रँट याला एक गोष्ट सुचली. ब्रॉडीने स्वतःच्या हाताने मला एमिलला द्यायचे, आणि तेव्हा माझ्या पाठीवर एमिलचे नाव असायला हवे.

"माझी काही हरकत नाही," एमिल म्हणाला. "ब्रॉडीला विचारा."

ब्रॉडी म्हणाला, "बदला की. मला काय."

"शिवणार कोण पण?" ग्रँटने विचारले.

लॉइडने कँटीनकडे बोट दाखवले. मारुसियाला तो मार्ज म्हणायचा. "मार्ज आहे ना. गावात तिच्याइतका साफ हात कुणाचा नाही."

मारुसियाने मुलाकडे पाहिले. "काढू का रे?"

"काढ, आई. दुपारच्या आत संपवायचंय त्यांना."

तिने काउंटर पुसला, मला पालथे घातले आणि बारीक कात्रीने टाके उसवले. तिचेच टाके, दुहेरी. ते सहजी निघेनात. बाकीची मी दिव्याखाली फिकी पडले होते, पण अक्षरांखालचे कापड अजून गडद हिरवे होते, त्यामुळे नाव निघाल्यावरही वाचता येत होते. तिने त्याच्यावर फोर्टिए शिवले, आणि उरलेल्या जागेवर हिरव्या कापडाची पट्टी लावली.

चित्रीकरण बर्फावर झाले. ग्रँटने ब्रॉडीला विचारले, "तू स्वतःला कितव्या जागी ठेवशील?"

ब्रॉडी म्हणाला, "मी खाली खुर्चीत बसलो असतो. एमिलसाठी टाळ्या वाजवायला."

"झकास. पण आवाज नीट आला नाही. परत एकदा घेऊ या?"

त्याने पुन्हा म्हटले.

"आता जरा हसून. मोकळेपणाने."

तिसऱ्या वेळी ब्रॉडी छान हसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एमिलने मला अंगात घातले, मित्राच्या पाठीवर थाप मारली, आणि जाताना तो मला कँटीनच्या खुर्चीवर टाकून गेला. त्याच्याकडे जर्सींची काय कमी?

कार्यक्रम सगळ्या गावाने रिंकवर एकत्र बसून पाहिला. ब्रॉडीच्या त्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा मिळाला. त्यानंतर रिंकवरच्या मुलांनी एक नवी शिवी काढली. पास चुकला की ती ओरडायची, "खुर्चीत बस, ब्रॉडी." वसंतात ब्रॉडी उत्तरेला एका खाणीत कामाला गेला. तिथे त्याला कोणी ओळखत नाही, असे मारुसिया सांगते.

आता लॉइडने मला परत पेटीत ठेवले आहे, कपाट हलवले आहे आणि दिवा परत लावला आहे. परगावचे लोक माझ्यासोबत फोटो काढतात. परवा लॉइड म्हणाला, "शिलाई काय सुरेख झालीय, मार्ज. आधी दुसरं नाव होतं हे कळतसुद्धा नाही."

मारुसिया सूप वाढत राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपली निगा राखा अशी विनवणी करतात. मला तशी विनवणी करावी लागत नाही. माझी निगा उत्तम राखली जाते. मला ऊन लागत नाही, कसर लागत नाही. माझी विनवणी वेगळी आहे. अठरा वर्षांच्या मुलाला पहिला म्हणायची घाई तुम्ही केलीत, तर पुढे त्याला शेवटचा म्हणताना निदान त्याच्याच तोंडून ते वदवून घेऊ नका. आणि ते उसवायचे काम त्याच्या आईला देऊ नका.

माझी काच रोज सकाळी पुसली जाते. रिंकवरच्या कामांत ते काम मारुसियाकडे आहे.