दुसरी गाडी

परदेशी पत्रकारांना भूक, पूर आणि दवाखाने दाखवून सुखरूप परत पाठवणं हे तबिथाचं काम होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण एका दिवसाच्या दौऱ्यासाठी राजधानीतल्या कचेरीचा शिक्का, मग सुरक्षावाल्यांचा शिक्का, मग आयुक्तांसमोर खुर्चीच्या टोकावर बसून गोडमिट्ट चहा, आणि एवढं करूनही धावपट्टीवर कुणीतरी बंदूकवाला गुरकावून विचारणारच, "ही कुणाची माणसं?" या सगळ्यात तिच्या नाकी नऊ येत. तरी तिच्या दौऱ्यात आजवर कुणी अडकलं नव्हतं, कुणाला गोळी लागली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता.

या वेळचा दौरा फसून चालणारच नव्हता. कुएरगाकचा दवाखाना बंद करायचं तिच्या मदतसंस्थेच्या वरच्या लोकांनी जवळपास ठरवून टाकलं होतं. पैसे देणाऱ्या देशांचं लक्ष दुसऱ्या कुठल्यातरी लढाईकडे वळलं होतं. आपल्याकडची लढाई जुनी झाली होती, आणि जुन्या लढाईला कोण विचारतो? "टीव्हीवर एकदा नीट दिसू दे, मग मी भांडतो," असं राजधानीतल्या साहेबांनी तबिथाला सांगितलं होतं. कुएरगाक गेलं की नदीवरच्या मोठ्या इस्पितळापर्यंत बाळंतिणीला हात लावणारं कुणी उरणार नव्हतं. तबिथा याच मातीतली, न्यूएर जमातीच्या आईबापाची. तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पाहुणे तिघे आले. इंग्रिड नावाची लांब हातांची बातमीदार बाई, मॅट्स नावाचा कॅमेरावाला, आणि कानावर कायम हेडफोनची टोपणं चढवलेला एक आवाजवाला, त्याचं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. त्यांना ओढ्यापलीकडचं वाथलुआल बघायचं होतं. बायका जिथून पोट सांभाळत चालत दवाखान्यात येतात ते गाव. दोन गाड्या ठरल्या होत्या. त्यातली एक, आयुक्तांच्या मेहुण्याची, सकाळी खोकली, धूर सोडला आणि कायमची गप्प झाली.

एकट्या गाडीने जायचं नाही हा नियम होता. एक रुतली तर दुसरी ओढते, एकीवर गोळीबार झाला तर दुसरी निसटून खबर देते. माणसं गमावल्यावर केलेला नियम होता तो, आणि तबिथा त्यात कधी सूट देत नसे. कुएरगाकमध्ये चालणारी आणखी एकच गाडी होती. दवाखान्याची.

दवाखान्याच्या ओट्यावर सुईण रोडा एका मुलीचे पाय दाबून बघत होती. न्यागोआ तिचं नाव, पहिलटकरीण. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पहिलं मूल होईपर्यंत ती आईकडेच राहत होती.

"गाडी?" रोडाने मानही वर केली नाही. "माझी गाडी काय नाचायला न्यायचीय?"

"दुपारच्या आत परत आणते."

"हिचे पाय बघितलेस? डोकं दुखतंय म्हणते सकाळपासून. दुपारी परत तपासणार मी. सूज वाढली असली तर लगेच इस्पितळात न्यायचं. तेव्हा काय तुझ्या पाहुण्यांच्या पाठीवर बसवून नेऊ?"

"रोडा, आज दौरा झाला नाही तर पुढच्या वर्षी गाडीच नसेल. गाडी काय, तूही नसशील इथे."

रोडाने हात झटकले. "शब्द दे."

"दिला. आणि रेडिओ आहेच गाडीत. हाक मारलीस की आलेच."

मॅट्सने तेवढ्यात कॅमेरा न्यागोआकडे वळवला. ती ओढणीत तोंड लपवून खिदळली. "अगं ताई, त्याला सांग, माझे पाय नको घेऊ! हत्तीचे झालेत!" तबिथाने ते इंग्रजीत सांगितलं तसे तिघे पाहुणे हसले, आणि ओट्यावरच्या सगळ्या बायकाही हसल्या.

इंग्रिडला एक बाई हवी होती, धीटपणे बोलणारी. तशी पंचक्रोशीत एकच होती. न्यागोआची आई. वाथलुआलच्या अडलेल्या बायकांना हाताला धरून दवाखान्यापर्यंत आणायचं काम तिचंच. तिला सगळे न्यागोआची आई म्हणूनच हाक मारत. ती लेकीशेजारी बसून होती आणि उठायला तयार नव्हती.

"पोरीची वेळ जवळ आलीय. मी कशाला येऊ मिरवायला?"

"माय, तुमच्याइतकं नीट कुण्णी बोलत नाही," तबिथा म्हणाली. "रोडा आहे ना तिच्यापाशी. दुपारी आपण परत. तुमच्या बोलण्याने दवाखाना वाचला तर उद्या न्यागोआच्या पोरीच्या उपयोगी पडेल."

"पोरगीच होणार हे तुला कुणी सांगितलं?" म्हातारी हसली, आणि हसली तिथेच फसली. लेकीच्या केसांवरून हात फिरवून ती गाडीत चढली.

दवाखान्याची गाडी चालवणारा लादू दक्षिणेकडचा, शेतकऱ्यांचा पोर. त्याला गाईंतलं काही कळत नाही म्हणून सगळे त्याची खेचत. "म्हातारे, घट्ट धर," तो म्हणाला. "ही तुझी गाय नाही, लाथ मारली तर दूध सांडणार नाही, तूच सांडशील."

"गप रे, कोंबड्या पाळणाऱ्या," न्यागोआची आई म्हणाली.

कोरड्या दिवसांत ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. गाडी पाणी उडवत पार झाली ते मॅट्सला इतकं आवडलं की त्याने ती पुन्हा मागे पाठवली. दुसऱ्यांदा ऊन चुकीच्या बाजूला पडलं. तिसऱ्यांदा मध्येच गुरं आली. लादू मोकळी गाडी घेऊन पाण्यातून जा-ये करत राहिला, आत ना रुग्ण ना सुईण. तबिथा घड्याळाकडे बघत होती. तिला गप्प करायला इंग्रिडचं एक वाक्य पुरलं. "या एका दृश्यावर लोक पैसे पाठवतील."

मग मुलाखत. हिंगणाच्या झाडापासून थोडं पुढे, उघड्यावर न्यागोआच्या आईला बसवलं आणि दवाखान्याची गाडी तिच्या पाठीमागे अगदी जवळ उभी केली, म्हणजे दोघी एकाच चित्रात येतील. लादूला कॅमेऱ्यामागे हाकललं. आवाजवाल्याने दोन्ही गाड्यांकडे बोट केलं. रेडिओची खरखर येत होती.

"बंद करा ना," इंग्रिड म्हणाली. "थोडाच वेळ."

तबिथाने स्वतःच्या हाताने दोन्ही रेडिओ बंद केले.

न्यागोआची आई खरंच छान बोलली. सुरुवातीला लाजली, मग तिला विसरच पडला की समोर यंत्र आहे. आपली थोरली लेक वाटेतच गेली, गवतात, तेव्हा ही गाडी नव्हती, असं ती म्हणाली. "आता ही येते. हिचा आवाज लांबून ऐकू आला की बाई अर्धी वाचते." भोवती गोळा झालेल्या गावच्या बायकांनी जिभेने चुक् चुक् करून साथ दिली. इंग्रिडच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाईट बाई नव्हती.

त्याच वेळी तबिथाला बिएल दिसला. न्यागोआचा नवरा. बोलणाऱ्या बाईच्या पाठीमागे, गाडीच्याही पलीकडे, हिंगणाच्या झाडाखाली तो अर्धवट आडोशाला उभा होता, तोंड दुसरीकडे करून. तो ओढ्याच्या बाजूने आला होता आणि त्याची छाती भात्यासारखी चालली होती. त्याने हात वर केला. आवाजवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. आयुक्तांच्या कचेरीतून पाहुण्यांच्या पाळतीवर पाठवलेल्या माणसानेही त्याला दटावल्यासारखा हात केला. बिएलचा हात खाली आला.

तबिथाला त्यात काही वावगं दिसलं नाही. सासू बसलेली, तिच्या भावकीच्या सगळ्या बायका जमलेल्या, आणि पहिलं मूल अजून झालेलं नाही. अशा वेळी जावई सासूच्या नजरेला पडत नाही. पडला तर पोटातल्या मुलाला बाधतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुणी पोरगा आहे, रीत पाळतो, असं तिच्या मनात आलं. चक्क कौतुक वाटलं तिला. तिनेही लांबूनच मान हलवली आणि ती पुन्हा भाषांतराला लागली.

इंग्रिडचे प्रश्न संपता संपत नव्हते. मॅट्सला म्हातारीचे हात हवे होते, मग बांगड्या, मग गाडीच्या काचेत पडलेलं तिचं प्रतिबिंब. एकदाची न्यागोआची आई उठली, लुगडं झटकलं आणि बायकांबरोबर पाणी प्यायला झोपड्यांकडे गेली. ती वळणाआड होताच बिएल धावत सुटला. तबिथाला वाटलं तो तिच्या अंगावरच येतोय.

"गाडी द्या! रोडाने कधीचं पाठवलंय मला! तिला झटके येतायत, ताई, डोळे पांढरे करते, जीभ चावली तिनं. रेडिओवर कुणी बोलतच नाही!"

लादू आधीच गाडीत उडी मारून बसला होता. नियमबियम राहिला बाजूला, गाडी एकटीच गेली, पाणी उडवत, आणि ते दृश्य टिपायला मॅट्सने कॅमेरा उचललाही. इंग्रिडने त्याचा हात खाली ओढला.

न्यागोआला गाडीत घातलं तेव्हा ती जिवंत होती. रोडा मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. इस्पितळाचं फाटक दिसायच्या आधीच रोडाने लादूला सांगितलं, "आता हळू चालव." मूलही गेलं. ती मुलगीच होती.



फिल्म मात्र झकास झाली. लोकांनी पैसे पाठवले. दवाखाना राहिला, वर आणखी एक गाडी मंजूर झाली. साहेबांनी तबिथाचं कौतुक केलं आणि दुसऱ्या जिल्ह्यात असाच दौरा आखायला सांगितलं. ती हो म्हणाली. रात्री झोप लागत नसे हे त्यांना सांगण्यात काय अर्थ होता? तिने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. रेडिओ इंग्रिडने बंद करायला लावला, आणि बिएल काही बोललाच नाही, तर आपल्याला कसं कळणार? ही समजूत दिवसा टिकत असे.

नवी गाडी आली त्या दिवशी तबिथाला कुएरगाकला जावंच लागलं. ओट्यावर न्यागोआची आई बसलेली होती. लेकीच्या सुतकात डोकं भादरलेलं, गळ्यात मणी नाहीत. अजूनही ती बायकांना दवाखान्यात आणत होती.

"पोरी," ती म्हणाली, "लोक सांगतात, त्या पाहुण्यांच्या चित्रात माझी न्यागोआ आहे. हलते म्हणे. बोलते."

"आहे, माय."

"मला दाखव."

तबिथाने लॅपटॉप गुडघ्यांवर घेतला. पडद्यावर हाच ओटा आला, आणि न्यागोआ ओढणीत तोंड लपवून खिदळली. आईने पडद्यावर बोट टेकवलं. "पुन्हा." तबिथाने पुन्हा दाखवलं. "पुन्हा." आतून रोडा दारात येऊन उभी राहिली.

मग चित्र पुढे सरकलं. गाडी पाणी उडवत ओढा पार करू लागली, मागे संगीत.

"आत कोण आहे?" म्हातारीने विचारलं.

"कुणी नाही, माय. मोकळीच होती."

आता म्हातारी स्वतःच पडद्यावर बोलत होती, मागे पांढरी गाडी, तिच्याही मागे हिंगणाचं झाड. ती पुढे झुकली. डोळे बारीक केले. त्या दिवशी या सगळ्याकडे तिची पाठ होती. झाडाखाली एक लहानसा माणूस उभा होता आणि त्याने हात वर केलेला होता.

"हा बिएल ना?"

"हो."

"किती वेळ उभा होता हा?"

तबिथाने लॅपटॉप मिटला. खोटं बोलायला जागा होती. त्या दिवशी सासू आणि जावई दोघेही आपल्या नजरेसमोर होते, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "तुम्ही बोलत होता तितका वेळ," ती म्हणाली. "मी पाहिलं त्याला. रीतीसाठी थांबलाय असं वाटलं मला. तुम्ही समोर होता म्हणून मी त्याला बोलावलं नाही."

न्यागोआच्या आईने आपल्या हातांकडे बघितलं, मॅट्सने कॅमेऱ्यात घेतलेल्या त्याच हातांकडे.

"मला सांगायचंस ना, पोरी," ती म्हणाली. "मी तोंडावरून पदर घेतला असता."