तिसऱ्यांदा

अ‍ॅट्रॅक्टा गॅफनीच्या भावाला जुळी झाली ते १९५८ साल. त्याच वर्षी शेजारचा मॅलाकी टिअर्नन एकोणीस वर्षं लिव्हरपूलच्या गोदीत काढून बापाचं शेत कसायला परत आला. अ‍ॅट्रॅक्टा तेव्हा चव्वेचाळीसची, बिनलग्नाची.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सारं गाव टेकडीवर निळी रानफळं वेचायला जातं. टेकडी ती केवढीशी, गाईसुद्धा रवंथ करत चढतात. पण ज्याच्यासोबत चढाल त्याचं नाव वर्षभर तुमच्या नावाला चिकटतं.

प्रार्थना सुटल्यावर मॅलाकीने तिला चर्चच्या फाटकाशी गाठलं. "येतेस का वर?"

"छे, मला कुठलं जमतंय!"

"ऊन छान पडलंय बघ."

"नको रे, तू हो पुढे."

टोपीला हात लावून तो खरोखरच पुढे झाला. नवे बूट घातलेली अ‍ॅट्रॅक्टा तिथेच उभी राहिली. दोनदा नको म्हटल्याशिवाय या गावात कुणी साधा चहासुद्धा घेत नाही.

घरी वहिनी ऊना दोन मांड्यांवर दोन पोरं घेऊन बसली होती. "नाही म्हणालीस त्याला?"

"दोनदाच गं!"

"अगं बये, एकोणीस वर्षं इंग्रजांत राहिलाय तो. तिकडे नाही म्हणजे नाहीच. ऊठ, डबा घे!"

ती निघाली. काटेरी झुडपांमधून गाईंच्या वाटेने चढताना तीनदा थांबली, आणि ते काही दम लागला म्हणून नाही. बाकीचे टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होते. मॅलाकी अलीकडे एकटाच वेचत होता, बोटं जांभळी झालेली.

"मदत करू का?" तिने विचारलं.

"नको, होतंय माझं."

तिने डबा पुढे केला. "दोन हात जास्त असले तर बरं."

"राहू दे. नवे बूट खराब होतील तुझे."

म्हणजे बूट पाहिले होते तर याने!

"मॅलाकी, हे तिसऱ्यांदा विचारतेय. चौथ्यांदा विचारणार नाही."

तो बघतच राहिला. मग कपाळावर हात मारून हसला, तर कपाळही जांभळं झालं. "तीनदा! विसरलोच होतो की मी." आणि त्याने आपली निम्मी फळं तिच्या डब्यात ओतली.

उतरताना ते मुद्दाम चर्चसमोरून गेले.

नोव्हेंबरात त्यांचं लग्न झालं. मॅलाकी ९ मार्च १९७१ रोजी, मंगळवारी, छातीच्या दुखण्याने वारला. अ‍ॅट्रॅक्टा १९८९च्या जुलैत गेली.