गाठी मारलेली रजई

मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी आधी सुईला दोष दिला, मग दोऱ्याला, मग दुकानातल्या दिव्याला. दिवा बदलून झाला, तरी धावदोरा सरळ पडेना. उभा जन्म त्यांनी रजया शिवल्या होत्या. वरचं कापड, मध्ये पिंजलेला कापूस, खाली अस्तर, आणि हे तिन्ही थर धरून ठेवणाऱ्या बारीक टाक्यांच्या ओळी. खडूची खूण न करता ओळ सरळ नेणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत, पण दुसरं कुणी बोललं की कान टवकारून ऐकत.

हाताची गोष्ट फक्त सुनेला ठाऊक होती. मास्तरांची बायको काही वर्षांपूर्वीच गेली होती. मुलगा मालाचा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरी कमीच असायचा. सून लग्नानंतर दुकानात त्यांच्यासमोर बसून शिवण शिकली होती. एकदा तिनं पाहिलं की मास्तर एकच ओळ पुन्हा पुन्हा उसवतायत. रजई आपल्या बाजूला ओढत एवढंच म्हणाली, "बाबा, ही मी घेते."

रजई ताईची होती. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिला नाही म्हणायची घरात कुणाची टाप नव्हती. तिनं दोन रजया सांगितल्या होत्या. एक नातीसाठी, कारण नात नव्या घरात राहायला जाणार होती, आणि एक स्वतःसाठी.

हातात घेतलेली ती नातीची रजई सुनेनं पहिल्या टाक्यापासून शेवटापर्यंत नव्यानं शिवली. घर दुकानाच्या मागेच होतं; घरचं आवरून ती दुकानात येऊन बसायची. पाठ भरून आली की उठून भिंतीला टेकायची आणि परत बसायची. मास्तर समोर बसून बघायचे. तिची ओळ त्यांच्या ओळीसारखीच जायची, टाक्याला टाका मिळता. त्यांना बरंही वाटायचं आणि कुठेतरी खुपायचंही.

दुसरी रजई मास्तरांनी स्वतःच्या अंगावर घेतली. शिवणं तर जमणार नव्हतं, म्हणून जे काम त्यांनी आयुष्यभर हलकं मानलं ते त्यांनी केलं. तिन्ही थर एकावर एक घालून गाठी मारल्या. दाभणात जाड दोरा ओवायचा, वरून खाली, खालून वर, आणि घट्ट गाठ. मग वीतभर सोडून दुसरी. थर हलत नाहीत, कापूस एका कोपऱ्यात गोळा होत नाही, आणि हात थरथरला तरी गाठ बसते. पण दुसऱ्या कुणी अशी रजई केली की मास्तरच म्हणायचे, "ही रजई कसली, हे तर पार्सल."

ताई रजया न्यायला आली तेव्हा मास्तरांनी दोन्ही टेबलावर पसरल्या. ताईनं नातीच्या रजईवरून हात फिरवला, चष्मा वर-खाली करून ओळी पाहिल्या आणि खूश झाली.

"हा हात कुणाचा ते सांगायला नको," ती म्हणाली. "या वयात अशी ओळ! लोक उगाच म्हणतात माणूस म्हातारा होतो."

मास्तर हसले. ताईची समजूत त्यांनी तशीच राहू दिली. इथवर असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण ताईचं लक्ष दुसऱ्या रजईकडे गेलं. तिनं एका गाठीचं टोक चिमटीत धरून उचललं.

"आणि हे काय रे? पोतं बांधल्यासारखं?"

"ती सूनबाईनं केलीय," मास्तर म्हणाले. आपण काय बोलतोय ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं, तरी तोंड थांबेना. "तिला बसून शिवायचा कंटाळा येतो."

मागच्या दारात सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला, रजईवर चहा सांडू नये म्हणून ती थोडी मागे सारली. ताईनं तिला जवळ बसवून घेतलं आणि चार गोष्टी सुनावल्या. आमच्या घरात काम उरकून टाकायची पद्धत नाही, सासऱ्याकडे बघून शीक, आळस अंगात मुरला की निघत नाही, असं बरंच काही. सून मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी "बरं, आत्या," म्हणाली आणि रिकामे कप घेऊन आत गेली. मास्तरांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही, हेच मास्तरांना जड गेलं. जेवण वेळेवर यायचं, औषधाची आठवण केली जायची. फक्त सून दुकानात येऊन बसेना. टेबलावरून तिची कात्री आणि बोटातलं अंगुस्तान दोन्ही गेली होती. मास्तरांनी एकदा तिच्यासाठी चांगल्या कापडाचा तुकडा आणला. तिनं "ठेवा तिथं" म्हटलं आणि तो तिथंच राहिला. माफी मागायला ते दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. सुनेसमोर आपण असं काय तोंड घेऊन उभं राहायचं, हे त्यांना समजेना. तिनं त्यांची लाज राखली होती, आणि त्यांनी ती उचलून तिच्याच अंगावर टाकली होती.

शेवटी एका सकाळी बस पकडून ते ताईकडे गेले. निदान तिला तरी खरं सांगावं, असं त्यांनी ठरवलं होतं. सुनेपेक्षा बहीण सोपी, हाही हिशोब मनात होताच.

ताई कपड्यांना इस्त्री करत होती. टेबलावर इस्त्रीखाली घातली होती ती गाठींची रजई. एका जागी कापड करपून पिवळं पडलं होतं. मास्तर बघतच राहिले.

"पांघरायला नको वाटली," ताई म्हणाली, "म्हणून इथं लावली कामाला."

"ती मी केलीय, ताई," मास्तर म्हणाले. "नातीची सुनेनं शिवलीय. सगळी."

ताईनं इस्त्री उभी केली. "हात दाखव."

त्यांनी हात पुढे केला. तो त्यांच्या मनात नसताना हलत होता. ताईनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला, तरी तो थांबला नाही. आता ही रडणार आणि मग आपल्याला सुटल्यासारखं वाटेल, असं मास्तरांना वाटून गेलं.

"नुसतं हाताचं कळलं असतं तर वाईट वाटलं असतं मला," ताई म्हणाली. "पण तू त्या पोरीला माझ्याकडून बोलणी खायला लावलीस. मी बोलत होते आणि तू ऐकत बसला होतास." तिनं हात सोडला. "मला सांगून काय होणार? चल. मलाही तिच्याशी बोलायचंय."

बसमध्ये दोघं शेजारी बसली. मास्तर खिडकीबाहेर बघत वाक्यं जुळवत होते. हाताचा त्रास आधी सांगावा की नंतर? पण तो आधी सांगितला तर ती सबब होणार, हे त्यांनाही कळत होतं.

दुकानात सून एका गिऱ्हाईक बाईंना कापड दाखवत होती. बाई जाईपर्यंत थांबावं म्हणून मास्तर दारातच रेंगाळले. ताई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग ते आत गेले आणि त्या बाईंच्या देखतच बोलले.

"सूनबाई, मी ताईशी खोटं बोललो. शिवलेली तुझी होती, गाठींची माझी. आता तिला खरं सांगून आलोय."

गिऱ्हाईक बाई कापडाचा पोत बघण्यात एकदम गढून गेल्या. ताई पुढे झाली आणि सुनेला म्हणाली की मी तुला नको ते बोलले, विसरून जा म्हणत नाही. सून कापडाची घडी घालत होती. ती नीट घालून झाल्यावर तिनं मान वर केली.

"नाव तुमचं झालं त्याचं मला काही नव्हतं, बाबा. हात तुमच्याकडूनच शिकलेय. पण कंटाळा येतो म्हणालात." तिचा आवाज बारीक झाला. "माझी पाठ धरायची तेव्हा तुम्ही समोरच बसला होतात ना?"

"होतो," मास्तर म्हणाले.

"मग?"

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य तिथं चालण्यासारखं नव्हतं. ते मान खाली घालून उभे राहिले. सुनेनं बाईंना विचारलं की कापड किती फाडू.

ती लगेच दुकानात बसायला लागली नाही. सवड मिळाली की ती घरातच खिडकीपाशी शिवायची. मास्तर दुकानात एकटे बसून गाठी मारायचे. पूर्वी हात लपवायला ते टेबल आतल्या बाजूला ओढून घ्यायचे. आता ते त्यांनी दारापाशी उजेडात आणलं. जुनी गिऱ्हाइकं थांबायची. कुणीतरी विचारायचंच, मास्तर, हे गाठींचं काम कधीपासून सुरू केलं?

"हात थरथरतो, टाका पडत नाही," ते सांगायचे. "शिवलेली हवी असेल तर घरात सून आहे, तिला विचारा. माझ्यापेक्षा बरी शिवते."

पहिल्यांदा हे सांगताना त्यांचे कान तापले. नंतरही तापायचे, पण वाक्य ते पुरं करायचे. काही लोक शिवलेलीच मागायचे आणि घराकडे जायचे. काही जण गाठींची घेऊन जायचे. आत स्वयंपाकघरात सुनेला हे सगळं ऐकू जायचं.