थोरल्या मालकांचा चेहरा

"हे गिऱ्हाईक दाढीला बसलंय की दाढ काढायला?" पेंटरीण कमरेवर हात ठेवून विचारत होती. न्हाव्यानं पाटी परत पाठवली होती, आणि पाटीवरच्या माणसाचा गाल खरोखरच सुजल्यासारखा दिसत होता.

"अगं, साबण लावलाय त्याला," पेंटर म्हणाला.

"साबण नाही, गळू वाटतंय. अहो, अक्षरं तुमची मोत्यासारखी. मग माणसांच्या नादाला कशाला लागता? आमचा दादा म्हणतो, खाणीत घण मारायला माणूस हवाय. घाला एकदाचे ते ब्रश चुलीत आणि जा उद्यापासून."

घणाचं नाव निघालं की पेंटर उठून ब्रश धुवायला लागायचा. त्याचा बाप त्याच खाणीत दगडाखाली गेला होता. त्या काळी गावाला दुसरं कामच नव्हतं. उन्हाळ्यात वारा सुटला की खाणीची पांढरी धूळ शेतांवर बसायची, पिकं म्हाताऱ्यासारखी दिसायची आणि माणसं तर चालते दगडच. तसलं होऊ नये म्हणून तर पेंटरनं हातात ब्रश धरला होता.

तेवढ्यात दारात जीप थांबली. खाणीचे धाकटे मालक उतरलेच नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाले, "ए पेंटर, आमच्या वडिलांचं चित्र पाहिजे. कचेरीच्या भिंतीवर, भिंतभर. जमलं तर खाणीच्या सगळ्या गाड्या यापुढे तूच रंगवायच्या. नाही जमलं तर घण उचल. फुकटचा हात गावात ठेवणार नाही मी."

"फोटो आहे का, मालक?"

"एकजण आला होता फोटो काढायला. वडिलांनी त्याचा कॅमेरा विहिरीत टाकला, आणि मागोमाग त्यालाही." मालक हसले. पेंटरीणसुद्धा हसली, पण भीतीनं.

"मग नाक, डोळे कसे होते ते तरी सांगा."

मालकांचं हसू मावळलं. "त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची छाती होती कुणाची? माझीही नव्हती. विचार लोकांना."

पेंटरनं विचारलं. खाणीतल्या म्हाताऱ्या पाथरवटानं सदरा वर केला आणि पाठ दाखवली. "हा त्यांचा पट्टा. पितळी बक्कल, त्यावर वाघाचं तोंड. बघ, अजून उमटलंय."

"आणि त्यांचं तोंड?"

"मी खाली बघत होतो, बाबा."

भट्टीवरच्या लोहारानं ओठ उचलून रिकाम्या हिरड्या दाखवल्या. त्याला मूठ आठवत होती, मुठीतली अंगठी आठवत होती. पाणी भरणारीला वहाणांचा आवाज आठवत होता, कारण तो ऐकू आला की ती हंडा टाकून पळायची. वहाणांपासून अंगठीपर्यंत पेंटरला सगळा माणूस मिळाला. मानेच्या वर काही नव्हतं.

शेवटी तो थोरल्या मालकांच्या बायकोकडे गेला. मोठ्या बाई अंगणात सुपारी कातरत होत्या.

"उभा जन्म त्यांना वाढलं, त्यांचे पाय चेपले," त्या म्हणाल्या. "चेहरा नीट पाहिला तो मेल्यावर. इतका गरीब दिसत होता रे! मला वाटलं, माणसं चुकून दुसऱ्याच कुणाला उचलून घेऊन आली."

भिंतीवर पट्टा आला, अंगठी आली, रुंद छाती आली. मान तेवढी उघडी राहिली. पण त्या बिनडोक्याच्या चित्रासमोरूनही माणसं अंग चोरून जात. मालक रोज येऊन विचारायचे, "डोकं कधी येणार? का तुझंच काढून लावू?"

अशात एका दुपारी लांब्याच्या गाडीचा ब्रेक लागला नाही. लांब्या म्हणजे खाणीवरचा ड्रायव्हर. गाडी घसरून कड्याखाली गेली. लांब्यानं उडी मारली म्हणून वाचला, आणि वाचला हाच त्याचा गुन्हा झाला. मालकांनी त्याला केसांना धरून कचेरीसमोर ओढत आणलं. त्यांनी पट्टा सोडला आणि बक्कलाकडची बाजू मोकळी ठेवली. पहिल्या फटक्यात सदरा फाटला, दुसऱ्यात पाठ. मग लांब्या उताणा झाला, तर तोंडावर बसले. भोवतीची माणसं जमिनीकडे बघत उभी होती.

"आवाजसुद्धा तोच," म्हातारा पाथरवट पुटपुटला. "थोरले उठून आले."

पेंटर उंच परांचीवर होता. एकट्याचीच मान खाली नव्हती. तिथून त्याला मालकांचा चेहरा लख्ख दिसला. त्यावर राग नव्हताच. भुकेल्या माणसापुढे भरलं ताट यावं, तसा तो चेहरा होता.

लांब्या ओरडत होता आणि पेंटर रंग कालवत होता. खोटं कशाला सांगायचं, त्या घडीला त्याला लांब्या दिसतच नव्हता. हात आपोआप भिंतीवर फिरत होता. ऊन उतरेपर्यंत डोकं पुरं झालं.

मालक बघून खूश झाले. "हेच! हेच माझे वडील! या रे सगळे! आईला बोलवा!"

माणसं आली, मोठ्या बाई आल्या. भिंतीकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "बाळ, हे ते नव्हेत. हा तू आहेस."

कुणी हसलं नाही. पण माणसांच्या माना वर झाल्या. आधी भिंतीकडे, मग मालकांकडे, पुन्हा भिंतीकडे. इतकी वर्षं ज्याला कुणी पाहिलं नव्हतं त्याला सगळे ताडून बघत होते.

"खाली बघा!" मालक ओरडले. एकाचीही मान खाली गेली नाही.

मालकांनी पहार उचलली आणि भिंतीवर घातली. गिलावा ढासळला, पण चेहऱ्याचा नुसता कान गेला. मग त्यांनी पेंटरला पायाला धरून खाली खेचलं, त्याचा उजवा हात दगडावर दाबला आणि पहारीचा घाव घातला. बोटं सुक्या काटक्यांसारखी मोडली. दुसरा घाव पडायच्या आत पेंटरीण धावली. डबा घेऊन आली होती ती जेवणाचा, पण हाताशी लागला तो लाल रंगाचा. भरलाच्या भरला तो तिनं मालकांच्या तोंडावर फेकला.

"मेल्या, घे! रंगव आता स्वतःलाच!"

मालक डोळे चोळत, ठेचकाळत गोल फिरू लागले, हातांनी माणसं शोधू लागले. कुणी हात दिला नाही. शेवटी मोठ्या बाईंनीच त्यांचं मनगट धरलं. "चल. तोंड धू."

गाड्यांचं काम गेलंच. घण उचलायलाही हात उरला नाही. हळदीचा लेप आणि बांबूच्या काड्या बांधून पेंटर ओसरीवर पडून राही आणि पेंटरीण एकदा मालकांना नि एकदा त्याला शिव्या घाली.

एका सकाळी लांब्या आला. तोंडावर टाके, आणि बैलगाडीत स्वतःच्या घराचं दार उपटून आणलेलं.

"यावर माझा चेहरा काढ. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघितला पाहिजे."

"हात कुठंय मला?"

"डावा काय वाळत घातलाय?" पेंटरीण आतून ओरडली.

पेंटर खाली बघत म्हणाला, "तू मार खात होतास ना, तेव्हा मी रंग कालवत होतो."

"माहीत आहे. पडल्या पडल्या दिसत होतास मला," लांब्या म्हणाला. "म्हणून तर आलो. त्याचा काढलास तेवढाच जीव लावून माझा काढ."

पेंटरणीनं रंग कालवला आणि ब्रश त्याच्या डाव्या हातात दिला.

"मान वर कर," तो म्हणाला.

लांब्यानं मान वर केली. ती दोनदा खाली आली, त्यानं दोनदा ती उचलली. पहिली रेघ वाकडी आली. दुसरीही वाकडीच आली. लांब्या हलला नाही.