जास्तीची वायर

“बाई, ही एक वायर जास्तीची आलीय,” पुढच्या बाकावरच्या वयस्क मास्तरांनी वायरचा तुकडा प्रामाणिकपणे परत केला. दुसरी वायर त्यांनी सेलच्या टोकापासून टॉर्चच्या बल्बाच्या बुडापर्यंत धरली होती आणि बल्ब ढिम्म होता.

“असू द्या जवळ,” बाई म्हणाल्या.

शाळेत विज्ञान कसं शिकवायचं, हे शिक्षकांना शिकवण्यात बाईंचे केस पिकले होते. उत्तर आपण सांगायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. काहीही विचारा, ‘करून बघा’ ठरलेलं. शिक्षकांनी त्यांचं नावच ‘करूनबघा बाई’ पाडलं होतं. घरी नवराही चहाचा कप हातात घेतला की विचारायचा, “साखर घातलीयेस, की पिऊन बघू?” पूर्वी बाई हसायच्या. हल्ली संध्याकाळपर्यंत गुडघे बोलायला लागत, घसा बसे आणि हसण्याचाही कंटाळा येई.

“सेल गेलाय, बाई.”

“बदलून बघा.”

मास्तरांनी सेल बदलला. बल्ब बदलला. मग मात्र ते वैतागले. “अहो, घरातल्या दिव्याला एकच वायर असते की! तुमच्या टेबलावरचाच दिवा बघा ना. किती वायरी आहेत? एक! इतकी वर्षं फळ्यावर मी हेच काढतोय.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं. आज मोठे साहेब येणार होते. आठवडाभराचं हे प्रशिक्षण पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते त्यांच्या हातात होतं. ते आल्यावर खोलीभर बल्ब पेटलेले दिसले असते तर काम फत्ते होतं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, टेबलावरच्या दिव्याचा प्लग काढला आणि मास्तरांच्या हातात कात्री दिली.

“अहो, ऑफिसचा दिवा आहे हा!”

“माहितीये. कापा.”

मास्तरांनी बिचकत वायर कापली आणि वरचं आवरण सोललं. आत दोन निघाल्या, एक लाल, एक काळी.

“म्हणजे इतक्या पोरांना मी...” त्यांनी चष्मा काढला.

साहेब दारात आले ते नेमके तेव्हाच. कापलेला दिवा, एकही बल्ब पेटलेला नाही, आणि एक पिकल्या केसांचा शिक्षक डोळे पुसतोय.

“मॅडम, हे काय चाललंय?”

“शिकतायत, साहेब.”

“दोन वायरी लागतात, एवढंच ना? मग सांगून टाका की! एका वाक्याचं काम.”

साहेब जिना उतरून गेले. मागे मास्तरांनी ती जास्तीची वायर उचलली, सेलच्या दुसऱ्या टोकाला लावली, चाचपडत बल्बाच्या अंगाला टेकवली. बल्ब पेटला. मास्तर लहान मुलासारखे ओरडले. बाईंना फार बरं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलंही, की हे संपलं.

पुढच्या महिन्यात निरोप आला. प्रशिक्षण बंद. आता सगळ्यांना मोबाईलवर व्हिडिओ जातील. त्यात बोलायचं मात्र बाईंनीच, कारण अनुभव दांडगा.

“चला, घसा तरी वाचेल तुझा,” नवरा म्हणाला. त्याला तिला हसवायचं होतं. बाई भांडी आवरायला उठल्या.

खोली तीच होती. बाकं भिंतीला लावलेली, मधोमध कॅमेरा. टेबलावर तोच दिवा. मास्तरांनी जाताना वायर जोडून, चिकटपट्टी गुंडाळून दिली होती.

कॅमेरावाल्याने खूण केली. बाईंनी सेल, बल्ब आणि दोन वायरी पुढे मांडल्या.

“आता सांगा, हा बल्ब पेटवायचा तर काय करावं लागेल?”

आणि त्या थांबल्या. सवयीने पुढचं बाक होतं तिकडे बघत राहिल्या.

“मॅडम, बोला ना,” कॅमेरावाला हळूच म्हणाला. “समोर कोणी नाहीये.”

“हो की.” बाईंनी घसा साफ केला. “दोन वायरी लागतात,” त्यांनी सांगून टाकलं आणि वायरी टेकवल्या. बल्ब पेटला.

“झकास! एका दमात झालं,” कॅमेरावाला म्हणाला. “मधला तो गप्प भाग तेवढा कापून टाकतो.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि दोन्ही वायरी नीट गुंडाळून डब्यात ठेवू लागल्या.