वाघाचं पोट

"थुंकला पाह्य," आई म्हणाली. "हे बी थुंकला."

कोळंबीचा तुकडा टाकीतल्या पाण्यातून हलके हलके खाली गेला आणि तळाच्या पांढऱ्या गोट्यांवर पडून राहिला. वाघाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कोपऱ्यात, डोकं खाली आणि शेपूट वर करून, कुणी टांगून ठेवल्यासारखा होता. रोशनीने गुडघे टेकले आणि मोबाइलचा उजेड त्याच्या पोटाखाली धरला. पोट खपाटीला गेलेलं. मागे पांढरा दोरा लोंबत होता, बोटभर लांब, रिळातून सुटल्यासारखा.

"पोटात जंतू झाले," ती म्हणाली.

"तिकडं भामरागडात लेकरांच्या पोटात जंत, इथी माशाच्या. तुह्या नशिबात हेच हाय काय वं?"

आई हसली नाही. पण बाबा गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत तिच्या तोंडून असं काही पहिल्यांदाच निघालं होतं.

वाघ म्हणजे टायगर ऑस्कर. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला, वीतभर लांबीचा शिकारी मासा. बाबांनी तो आणला तेव्हा रुपयाएवढा होता. बाबा, म्हणजे हरिदास मेकॅनिक, वीज केंद्रात कोळशाची राख वाहून नेणाऱ्या पंपांवर कामाला होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतल्या बेअरिंगचं दुखणं त्यांना असं ऐकू यायचं. "पंप एकदम बंद नाई पडत," ते म्हणायचे. "आंधी सांगते. ऐकणारा पायजे." माशाचंही त्यांनी तसंच शोधून काढलं होतं. "याले बोलता येत नाई, म्हून याची शी पाहाची. पांढरा दोरा दिसला का समज पोटात जंतू. काळी असली का मासा ठणठणीत." नर्सिंगच्या सुट्टीत घरी आलेल्या रोशनीला त्यांनी हा धडा जेवणाच्या ताटावर दिला होता आणि आईने दोघांना ताटासकट अंगणात हाकललं होतं.

दारात अंकुशभाऊ उभे राहिले. बाबांचे पाळीतले जोडीदार. हातात बरणी, बरणीत नाल्यातल्या जिवंत मासोळ्या.

"अंकुशभाऊ, आता नका आणू या."

"काऊन? वाघाले शिकार पायजे. पेजेवर ठेवाचा काय त्याले?"

"यांच्याच पोटातून जंतू त्याच्या पोटात गेले, भाऊ. बाबा मासोळ्या तीन आठवडे बादलीत वेगळ्या ठेवत. मंगच देत."

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवसापासून शेजारपाजारचे येताना मासोळ्या घेऊन येत होते. बाबांच्या फोटोला फूल, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती आणि वाघाला शिकार. कुणाला कुणी सांगितलं नव्हतं. एकाने केलं, मग सगळ्यांनी केलं. बादली मात्र न्हाणीत उपडी पडली होती.

अंकुशभाऊंनी बरणी मागे घेतली. "आमाले काय मालूम, बाई. आमी म्हटलं, भाऊ तं गेला, त्याच्या वाघाले तरी..." ते चहा न घेताच गेले.

"वाचल काय हा?" आईने विचारलं. "हा बी गेला तं मंग घरात कोन राह्यलं?"

"वाचेल. दोन दिवस काहीच द्यायचं नाही. मंग कोळंबीच्या खिम्यात जंताच्या गोळीची पूड. कडू लागते, म्हणून लसणाचा रस."

"घरातून माणूस गेला अन् आता याले उपाशी ठेवू?"

"पोटाला आराम पायजे, आई."

"तुह्या बाबाले बी तू हेच सांगतलं होतं."

रोशनी वळली. "मी?"

"आखाडात. दोन दिवस ताटाले शिवले नाई. म्या इचारलं, तं म्हणे, रोशनीनं सांगतलं, पोटाले आराम द्याचा."

"ते वाघाबद्दल होतं. तेव्हा तो खात नव्हता ना?"

"कोन, वाघ? तवा तं कोंबडीचं काळीज गपागप खाये! बोट तोडाले धावे माह्यं. हा तं तुहे बाबा गेल्यावर बिमार पडला."

टाकीतल्या हवेच्या पंपाची घरघर चालूच होती.

त्या फोनच्या दिवशी भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी होतं. ती नर्स होती त्या आरोग्य केंद्रामागच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की फोनला कशीबशी रेंज यायची. चार मिनिटांचं बोलणं. "वाघ खात नाई वं," बाबा म्हणाले होते. "तोंडात घेते अन् टाकून देते. वाळला." तिने त्यांच्याच धड्यातला प्रश्न विचारला, शी कशी हाय? मग इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की तिला वाटलं, रेंज गेली.

"काळी," बाबा म्हणाले. "एकदम काळी. डांबरावानी."

ती हसली होती. "मंग भेता काऊन? तुमीच तं शिकवलं, काळी म्हणजे ठणठणीत. गोळीबिळी नका देऊ. दोन दिवस उपाशी ठेवा, पोटाला आराम भेटू द्या."

"हाव?"

"हाव, बाबा."

"चाल मंग," ते म्हणाले. आवाज हलका झाला होता त्यांचा.

त्या फोननंतर अकराव्या दिवशी पंपघरात त्यांना रक्ताची उलटी झाली. पोटात जखम होती, कधीची तरी वाहत होती, असं डॉक्टर म्हणाले. पुरामुळे भामरागडचा रस्ता बंद होता. रोशनी ते गेल्यावर चौथ्या दिवशी नावेतून आणि मग ट्रॅक्टरवरून निघून घरी पोहोचली, तेव्हा मांडवसुद्धा निघाला होता.

माणसाला डांबरासारखी काळी शी होत असेल तर पोटात रक्त वाहतंय; एक रात्रही थांबू नका, लगेच दवाखान्यात पाठवा. गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांच्या प्रत्येक बैठकीत ती हे सांगायची. फळ्यावर लिहायची. बाबांनी मासा पुढे केला होता आणि तिने माशालाच तपासलं होतं.

"काय झालं वं? अशी काऊन बसली?"

"काही नाही," रोशनी म्हणाली. "लसूण सोल."

तिसऱ्या दिवशी वाघाने तुकडा तोंडात घेतला आणि थुंकला. चौथ्या दिवशीही. रोज ती तिसरा हिस्सा पाणी बदलत होती, तळ साफ करत होती. पाचव्या दिवशी आईने काय केलं, तर बाबांची स्टीलची वाटी आणली आणि काचेवर तीनदा वाजवली, ते वाजवायचे तशी. वाघ वळला. तुकडा आत गेला. दोघी काचेजवळ वाकून पाहत राहिल्या. तो बाहेर आला नाही.

नवव्या दिवशी दुपारी रोशनी भांडी घासत असताना आईची हाक आली.

"रोशनी! ये इकडं, पाह्य! काळी झाली!"

आई टाकीपुढे फतकल मारून बसली होती. चेहरा उजळलेला. पांढऱ्या गोट्यांवर एक काळा बारीक दाणा पडला होता.

"तुहे बाबा बरोबर सांगत ना? काळी म्हणजे ठणठणीत."

"हाव, आई," रोशनी म्हणाली. "बरा झाला."

"अंकुशभाऊले सांगून येतो. लय मनाले लावून घेतलं त्यानं." आईने पदर सारखा केला, चपला घातल्या आणि गेली.

टाकीच्या झाकणावर बाबांचा स्क्रू ड्रायव्हर तसाच पडून होता. मूठ झिजून पिवळी पडलेली. रोशनीने ओले हात ओढणीला पुसले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हवेच्या छोट्या पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

आई परत येईपर्यंत ती तशीच ऐकत बसली होती.